हासन ते हर्णै : हवामान उपग्रहांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय
सचिव, अंतराळ विभाग
महासंचालक, भारतीय हवामान विभाग
संचालक, इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र), हैदराबाद
तसेच मदत व पुनर्वसन विभाग आणि मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र शासन

विषय : अनेक खात्यांत वाटलेल्या हवामान उपग्रहांची जबाबदारी आणि कोकण किनाऱ्यापर्यंत पोचणारे इशारे

महोदय, महोदया,

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण इथून नौका बाहेर पडू लागतात. पुढचे चार-पाच महिने अरबी समुद्राच्या मनात काय आहे ते आधी कळायला खोल पाण्यात एकच भरवशाचा डोळा आहे, तो उपग्रहाचा. समुद्रावर पर्जन्यमापक नसतो, बोये मोजके असतात आणि किनाऱ्यावरच्या रडारला दोन-अडीचशे किलोमीटरपलीकडे फक्त उंच ढगांचे माथे दिसतात. १९८३ च्या इन्सॅट-१बी पासून १७ फेब्रुवारी २०२४ ला गेलेल्या इन्सॅट-३डीएसपर्यंत देशाने हा डोळा चाळीस वर्षांत कमावला. त्याचा आम्हांला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याच्या कारभाराबद्दल लिहावेसे वाटते.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. हवामान उपग्रह तर दहा-बारा घरचा पाहुणा आहे. उपकरणे आणि त्यांमागची गणिते अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात तयार होतात. उपग्रहाची जुळणी बेंगळुरूला होते. कक्षेत गेल्यावर त्याला आज्ञा देते हासनचे मुख्य नियंत्रण केंद्र. माहिती उतरते दिल्लीच्या मौसम भवनात आणि तिथे तिची चित्रे, वारे, पावसाचे अंदाज बनतात. तीच माहिती अहमदाबादला मॉसडॅक ह्या उपग्रहमाहितीच्या भांडारातही साठते. नोएडाचे मध्यम-अवधी अंदाज केंद्र आणि पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) तिचा वापर हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपांत करतात. लाटा, प्रवाह आणि संभाव्य मासेमारी क्षेत्र हे हैदराबादच्या इन्कॉइसचे काम. त्यानंतर मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र, मंत्रालयातला नियंत्रण कक्ष, जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील, मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी, बंदर निरीक्षक, मच्छीमार सोसायटीचा सचिव आणि सगळ्यांत शेवटी नौका चालवणारा तांडेल. ह्यातले प्रत्येक घर आपले काम चोख करते असे धरून चालू. तरी दोन घरांमधला उंबरठा कोणाच्याच ताब्यात नसतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

आमची मागणी एवढीच आहे : उपग्रहातून निघणाऱ्या प्रत्येक उपयोगी माहितीला, ती बंदरावर पोचेपर्यंत, एक नेमका जबाबदार अधिकारी असावा आणि तिचा प्रवास मिनिटांत मोजला जावा. उपग्रह थकण्याआधी त्याच्या जागी दुसरा आणण्याचा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा, हेही लेखी असावे.

मिनिटांचा आग्रह का, ते नौकेच्या हिशेबाने बघावे. किनाऱ्यापासून ७० नॉटिकल मैलांवर असलेला ट्रॉलर शांत पाण्यात ७ नॉटने (ताशी ७ नॉटिकल मैल) परतला तर १० तास लागतात. जाळी ओढून घ्यायला २ ते ३ तास. समोरून ताशी ४५ ते ५५ किमीचा वारा असेल, आणि मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात नेमका हाच आकडा असतो, तर वेग ४-५ नॉटवर येतो आणि तेच अंतर पंधरा तासांचे होते. म्हणजे निरोप तांडेलाच्या कानावर पडल्यापासून बंदरात शिरेपर्यंत १२ ते १८ तास. शिवाय आमच्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा (बार) असतो. ओहोटीला मोठी नौका आत घेता येत नाही, भरतीची वाट बघत बाहेरच थांबावे लागते. हा वेळ धरला की २४ तास आधी दिलेला इशारा जेमतेम पुरतो, आणि त्यातले चार तास वाटेत गेले तर पुरतच नाही. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपते. व्हीएचएफ बिनतारी संच पंचवीस-तीस नॉटिकल मैल चालतो, तोही दोन्हीकडचा अँटेना उंच असला तर. फयान वादळाने नोव्हेंबर २००९ मध्ये काय केले ते ह्या किनाऱ्यावरच्या वाड्या विसरलेल्या नाहीत.

आता उपग्रहाचे घड्याळ. इन्सॅटच्या इमेजरला (चित्र टिपणाऱ्या उपकरणाला) पृथ्वीची पूर्ण चकती टिपायला सुमारे २६ मिनिटे लागतात. ८२ अंश आणि ७४ अंश पूर्व रेखांशावरचे दोन उपग्रह आळीपाळीने टिपतात म्हणून दर १५ मिनिटांनी नवे चित्र मिळते. ढगांच्या सरकण्यावरून वारे काढायला लागोपाठची तीन चित्रे लागतात, त्यांतले एक गळले तर त्या फेरीचे वारे निघत नाहीत. चित्रावर छापलेली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. ०६:०० ची वेळ दिसली तर आपल्याकडे सकाळचे ११:३० झालेले असतात. हे हवामानाच्या माणसाला अंगवळणी पडलेले आहे. तालुक्याच्या कार्यालयात रात्रपाळीला बसलेल्या कारकुनाला नाही, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. साडेपाच तासांची ही चूक एकदा मजकुरात शिरली की पुढे कोणी ती काढत नाही.

बुलेटिन निघाल्यावर ते पीडीएफमधून जिल्ह्याला जाते, जिल्ह्याच्या पत्रात त्याचा सारांश येतो, त्या पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि फोटो अस्पष्ट असला तर सोसायटीत कोणीतरी तो हाताने पुन्हा टाइप करतो. प्रत्येक वेळी काहीतरी गळते, आणि सर्वांत आधी गळते ती वेळ. दोन दिवसांपूर्वीचा इशारा आजचा म्हणून फिरतो. लोक तो खोटा ठरलेला बघतात आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याला नौका बंदरातून हलतात. म्हणून प्रत्येक निरोपाच्या पहिल्याच ओळीत चार गोष्टी हव्यात : इशाऱ्याचा क्रमांक, कोणत्या वेळच्या उपग्रहचित्रावर तो आधारलेला आहे, निघाल्याची वेळ आणि कधीपर्यंत लागू. सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत. नवा इशारा आला की जुन्याचा क्रमांक देऊन तो रद्द झाल्याचे स्पष्ट लिहावे.

इशाऱ्याच्या भाषेबद्दलही सांगणे भाग आहे. ‘महाराष्ट्र किनाऱ्यालगत व किनाऱ्यापासून दूर’ हे इंग्रजी बुलेटिनमधून उतरलेले शब्द तांडेलाच्या उपयोगाचे नाहीत. डहाणूपासून रेडीपर्यंत सातशे किलोमीटरांहून लांब किनारा आहे. कोणत्या बंदरापासून कोणत्या बंदरापर्यंत, किती नॉटिकल मैलांपासून किती मैलांपर्यंत आणि कोणत्या वेळी, हे तिन्ही हवे. ‘जयगड ते देवगड, १० ते ६० नॉटिकल मैल, उद्या दुपारी २ पासून परवा पहाटे ५ पर्यंत, नैर्ऋत्येचा वारा ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ पर्यंत’ एवढे वाचले की कोणत्या नौकेने परत फिरायचे ते समुद्रातच ठरते. ही माहिती आपल्या नकाशांत आधीच असते. तिचे मराठी वाक्य बनवण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच दिलेली नाही.

सामायिक मालकीचा खरा पेच दिसतो तो चक्रीवादळाच्या वेळी. इन्सॅट-३डीआर वादळाभोवतालचा छोटा पट्टा चार-पाच मिनिटांनी टिपू शकतो. त्याने केंद्राची हालचाल नीट कळते. पण त्या वेळात तोच उपग्रह पूर्ण चकती टिपत नाही, आणि दूरच्या समुद्रावरचे वारे प्रारूपांना मिळेनासे होतात. मागणी हवामान विभागाची, आज्ञा हासनची, तोटा नोएडा-पुण्याच्या प्रारूपांचा आणि परिणाम किनाऱ्यावर. ह्यात बरोबर-चूक असे काही नाही, हा तोलून घ्यायचा निर्णय आहे. म्हणूनच तो आधी ठरलेला असावा : वादळ किनाऱ्यापासून किती किलोमीटरवर आले की जलद चित्रण सुरू, दिवसातून किती तास, आणि मध्यरात्री शब्द कोणाचा अंतिम. फोनाफोनीवर सोडू नये.

विषुवदिनांच्या आसपासचा ग्रहणकाळही असाच. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्य आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्य भूस्थिर उपग्रह रोज काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त ७२ मिनिटे. ८२ अंशांवरच्या उपग्रहाची ही वेळ आपल्या मध्यरात्रीभोवती येते. ७४ अंशांवरच्याची त्यानंतर अर्ध्या तासाने. म्हणजे विषुवदिनाजवळ सुमारे चाळीस मिनिटे दोघेही एकाच वेळी सावलीत असतात. ह्या वेळेच्या आगेमागे काही चित्रे मिळत नाहीत, काहींत सूर्याचा प्रकाश घुसून ती खराब होतात. ह्यात बिघाड काहीच नाही, खगोलाचा नियम आहे आणि तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. पण मच्छीमारांचा हंगाम भरात असतो तो नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि पहाटे तीनला समुद्रात निघणारा माणूस मध्यरात्रीच्याच माहितीवर निघतो. ह्या तारखांचे पत्रक जिल्हा नियंत्रण कक्षात लावलेले असावे. त्या वेळेत युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहाचे चित्र आपोआप पुढे यावे. तो ४५.५ अंश पूर्वेवर असल्याने अरबी समुद्र त्याच्या नजरेत चांगला येतो, आणि त्याचे ग्रहण आपल्या उपग्रहांच्या दोन ते अडीच तास नंतर लागते. मात्र ती उसनी सोय आहे. ती कायम मिळेलच ह्या भरवशावर आपले नियोजन आखू नये.

उसनवारीचा विषय निघाला म्हणून उपग्रहांच्या कामात पडलेल्या खंडांविषयी. ओशनसॅट-२ वरचे स्कॅटरोमीटर समुद्राच्या पृष्ठावरचा वारा मोजत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद पडले. स्कॅटसॅट-१ गेला २६ सप्टेंबर २०१६ ला. मधली अडीच वर्षे आपले स्वतःचे असे उपकरण वर नव्हते. स्कॅटसॅटचे उपकरण २०२१ मध्ये थांबले आणि ओशनसॅट-३ गेला २६ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे पुन्हा खंड. ह्याच दुसऱ्या खंडात तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये आमच्या दारावरून गेले. फ्रान्सबरोबरचा मेघा-ट्रॉपिक्स ढगांखालचा पाऊस सूक्ष्मलहरींनी बघत असे. ७ मार्च २०२३ ला तो वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आला. इन्सॅट-३डी जुलै २०१३ मध्ये सात वर्षांच्या आयुष्यासाठी पाठवला होता, त्याच्या ८२ अंशांच्या जागेवरचा ३डीएस गेला साडेदहा वर्षांनी. ३डी जास्त टिकला ही बनवणाऱ्यांची पुण्याई. पण पुण्याईवर वेळापत्रक मांडता येत नाही.

खंड का पडतो? उपग्रह बांधणारे खाते संशोधनाचे, त्याची नैसर्गिक ओढ नव्या उपकरणाकडे. वापरणाऱ्या खात्याला हवा असतो तसाच दुसरा, वेळेवर. पैसा एका मंत्रालयाच्या मागणीत, गरज दुसऱ्याच्या. जुना चालू आहे तोवर नव्याची फाइल पुढे सरकत नाही, आणि बंद पडल्यावर सरकली तर बांधायला, तपासायला, प्रक्षेपकाच्या रांगेत उभे राहायला वर्षे जातात. म्हणून ३डीएसचा संपूर्ण खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला ही आमच्या दृष्टीने फार मोठी सुधारणा आहे. ज्याला माहिती हवी त्याने पैसे दिले की हिशेब मागण्याचा हक्कही त्याच्याकडे येतो. हाच नियम ओशनसॅटच्या मालिकेला लावावा. आखलेल्या आयुष्याचा निम्मा काळ सरला की पुढच्या उपग्रहाचा प्रस्ताव आपोआप मंजुरीला जावा, जुना कितीही ठणठणीत असो. ज्या उपकरणाला पर्याय नाही त्याची एक जोड तयार करून जमिनीवर ठेवावी.

एकत्र कारभार कसा बिघडतो ह्याचे सर्वांत महागडे उदाहरण अमेरिकेचे आहे, आणि ते आपल्या फाइलींत असावे असे आम्हांला मनापासून वाटते. मे १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नागरी आणि लष्करी ध्रुवीय हवामान उपग्रह एकत्र करायचे ठरवले. एनपीओईएसएस हे त्याचे नाव. खर्च नागरी आणि लष्करी खात्यांत निम्मा-निम्मा, तंत्र नासाचे, खरेदी लष्कराच्या पद्धतीने, वर तिन्ही खात्यांची कार्यकारी समिती. हेतू बचतीचा होता. साडेसहा अब्ज डॉलरचा अंदाज पुढे पंधरा अब्जांच्या घरात गेला, उपग्रह सहावरून चारवर आले, काही उपकरणे गाळली गेली. मुख्य इमेजर बनवण्यातल्या अडचणींमुळे वेळापत्रक वर्षानुवर्षे मागे पडत गेले. तिथल्या लेखापरीक्षकांनी स्पष्ट नोंदवले की लष्कराकडचा, खरेदीचा अधिकार असलेला सदस्य समितीच्या बैठकांना येतच नसे, आणि समितीने ठरवलेले कधीकधी बाहेर फिरवले जाई. फेब्रुवारी २०१० मध्ये कार्यक्रम मोडून दोन वाटे केले. चाचणीसाठी आखलेला सुओमी एनपीपी ऑक्टोबर २०११ मध्ये गेला आणि त्यालाच रोजच्या कामाला जुंपावे लागले.

निम्म्या-निम्म्या खर्चाची अडचण अशी की एका खात्याने हात आखडला की दुसऱ्याचे पैसे असूनही काम थांबते. आणि तीन मालकांच्या गरजा एकाच यंत्रावर लादल्या की ते यंत्र तिघांपैकी सर्वांत अवघड मागणीइतके महाग होते. बारभाईची खेती, काय लागेल हाती, हे आपल्याकडे पूर्वीच सांगून ठेवले आहे.

युरोपने १९८६ मध्ये युमेटसॅट स्थापून दुसरी वाट धरली. गरज काय ते युमेटसॅट लिहिते, मालिकेतला पहिला उपग्रह युरोपीय अंतराळ संस्था विकसित करते, चालवते पुन्हा युमेटसॅट. वापरणारा आणि बांधणारा वेगळे, पण मागणीपत्रावर सही एकाची. आपल्याकडे नवी संस्था उभारा असे आम्ही म्हणत नाही. इन्सॅटच्या आरंभापासून खात्यांची समन्वय समिती आहेच. तिच्या इतिवृत्तात प्रत्येक निर्णयापुढे एकाच अधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख लिहिली, आणि पुढच्या बैठकीत त्या तारखेवरून सुरुवात केली, तरी पुष्कळ होईल. बैठकीला बदली माणूस आला तर त्याला निर्णयाचा अधिकार लेखी दिलेला असावा.

आता थोडे आमच्या जमिनीचे आणि पाण्याचे, कारण पुढच्या पिढीच्या उपग्रहांचे मागणीपत्र लिहिताना ते टेबलावर असायला हवे. स्कॅटरोमीटरला किनाऱ्यालगतच्या पंचवीस-तीस किलोमीटरांत नीट वाचता येत नाही, जमिनीचा प्रतिध्वनी त्यात मिसळतो. राज्याची सागरी हद्द १२ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २२ किमी. आमच्या सगळ्या लहान होड्या, गिलनेटवाले, रापणकार ह्याच आंधळ्या पट्टीत वावरतात. वरून कुठलाही उपग्रह ही पट्टी लवकर भरून काढणार नाही. बंदरांच्या जेट्टींवर आणि दीपगृहांवर वारामापक बसवून ती भरावी लागेल, आणि ते वाचन उपग्रहाच्या वाऱ्यांसोबत एकाच नकाशावर दिसायला हवे.

पावसाचेही तसेच. इन्सॅटची अवरक्त गणिते ढगाचा माथा किती थंड आहे त्यावरून पाऊस ठरवतात. जुलैत सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कोसळणारा पाऊस पुष्कळदा उथळ, उबदार ढगांतला असतो. माथा फारसा थंड नसतो, पाऊस मात्र घागरींनी ओतत असतो, आणि उपग्रहाच्या नकाशावर तिथे फिका रंग दिसतो. रडारने ही कसर भरावी तर मुंबई आणि गोव्याच्या रडारांपासून रत्नागिरी अनुक्रमे सुमारे २२० आणि १७५ किमी. अर्ध्या अंशाने उचललेला किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे रत्नागिरीवर येईपर्यंत एकाचा साडेचार किमीच्या वर, दुसऱ्याचा सव्वातीन किमीवर गेलेला असतो. पाऊस त्याच्या खाली पडून जातो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात खालचे पाणी वरच्या घाटातून आले होते, आणि महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस झाला होता. म्हणून मध्य कोकणात रडार, आणि घाटमाथ्यावर दाट पर्जन्यमापक. राज्याच्या महावेध प्रकल्पाची मंडळनिहाय हवामान केंद्रे आणि हवामान विभागाची केंद्रे ह्यांचे वाचन एकाच तक्त्यात, दर पंधरा मिनिटांनी यावे. सकाळी साडेआठ ते साडेआठ हा चोवीस तासांचा आकडा नोंदीसाठी ठीक आहे. दरड कोसळते ती तीन तासांच्या जोरावर.

एक तपशील नियंत्रण कक्षांत फारसा सांगितला जात नाही. ८२ अंशांवरचा उपग्रह रत्नागिरीकडे तिरका बघतो. १५ किमी उंच ढगाचा माथा त्यामुळे चित्रात सुमारे ६ किमी वायव्येला सरकलेला दिसतो. कोकणाची रुंदीच पन्नास-साठ किलोमीटर. घाटपायथ्याचा ढग एक खोरे ओलांडून दिसला की इशारा वाशिष्ठीऐवजी जगबुडीच्या काठाला जाऊ शकतो. दुरुस्तीचे गणित सोपे आहे, ढगाची उंची उपग्रहातूनच मिळते. जिल्ह्यांना जाणारी चित्रे ही दुरुस्ती करूनच द्यावीत आणि तसे कोपऱ्यात लिहावे. ढगांच्या छत्राखाली लपलेल्या वादळाचे केंद्रही पन्नास किमीपर्यंत इकडेतिकडे धरले जाऊ शकते. हर्णै ते जयगड हा किनारा साधारण तेवढाच आहे. ही अनिश्चितता इशाऱ्यात आकड्याने द्या. लोकांना ती कळते. समुद्रावर जगणाऱ्याला ‘अंदाज’ ह्या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही.

शेवटच्या टप्प्यावर आज एकाच डोलकाठीजवळ तीन वेगवेगळी उपकरणे येऊ लागली आहेत. इन्कॉइसचे जेमिनी गगन उपग्रहसेवेवरून इशारा घेते, पण एकतर्फी, आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडलेले असेल तरच मजकूर दिसतो. फोनची बॅटरी उतरली किंवा जोडणी तुटली की उपकरण चालू असूनही मुके. अपघाताचा संदेश पाठवणारे डॅट तटरक्षक दलाकडे बोलते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये देशासाठी सुरू झालेल्या योजनेतून एक लाख नौकांना ट्रान्सपाँडर मिळायचे आहेत, त्यांत दुतर्फा निरोपाची सोय आहे. ही तिन्ही चांगली उपकरणे आहेत. त्यांच्यामागची खाती मात्र वेगळी, म्हणून एकाच वादळाचे तीन मजकूर तीन वेळांना येण्याचा धोका आहे. एकच इशारा, एकच क्रमांक, तिन्हींवर आणि ‘सचेत’ ह्या सरकारी इशारा-सेवेवरही एकाच मिनिटाला सुटावा. बसवताना अँटेना केबिनच्या पत्र्याखाली जाणार नाही, जोडणीला खारे पाणी लागणार नाही, बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी असेल, हे तपासून परवाना नूतनीकरणावेळी नोंद व्हावी. पोचल्याची पावती परत येते त्या यंत्रणेत किती नौकांनी निरोप उघडला, हा आकडा रोज जिल्ह्याला कळावा.

आणि जमिनीवरचे. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीची वीज आणि मोबाइल दोन्ही गेले आणि कित्येक दिवस आले नाहीत. मोबाइलच्या जाळ्यावरून वाचन पाठवणारे स्वयंचलित केंद्र अशा वेळी गप्प बसते, म्हणजे नेमके हवे तेव्हा. इन्सॅटवर ४०२ मेगाहर्ट्झचा माहिती-वाहक दुवा ह्याच कामासाठी आहे. मोबाइल स्वस्त म्हणून किनारा आणि घाटावरच्या केंद्रांचा हा दुवा काढू नये, दोन्ही ठेवावेत. ह्या पद्धतीत प्रत्येक केंद्राला ठरलेला क्षण असतो. घड्याळ सरकले की दोन केंद्रांचे संदेश एकमेकांवर आदळून दोन्ही जातात, म्हणून घड्याळ जुळवणाऱ्या जीपीएसचा अँटेना झाडाच्या फांदीखाली नको. बॅटरी सूर्याशिवाय पंधरा दिवस चालेल अशी निवडावी, जुलैत आमच्याकडे तेवढे दिवस ऊन दिसत नाही. मापकाच्या गाळणीतला पाचोळा आणि शेवाळ पंधरवड्याला काढणारा माणूस त्याच गावातला असावा आणि त्याला मानधन वेळेवर मिळावे. उपग्रहाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, पण त्याच्या पावसाचा आकडा खरा-खोटा ठरतो ह्या माणसाच्या हातावर.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या मिशन मौसम ह्या हवामान योजनेला दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपये दिले आहेत. त्यातून नवी यंत्रे येतील आणि यायलाच हवीत. त्याआधी कागदाचे एक काम करता येईल, त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येक माहितीची एक नोंदवही करा : वादळाचे केंद्र, समुद्रवारा, तीन तासांचा पाऊस, लाटांची उंची, संभाव्य मासेमारी क्षेत्र. प्रत्येकापुढे कोण बनवतो, कोणाला देतो, किती मिनिटांत, उशीर झाला तर कोणाला फोन, उपग्रह बंद पडला तर पर्याय काय. मासेमारी क्षेत्राची माहिती ढगाळ दिवसांत निघत नाही, तर ‘आज ढगांमुळे नाही’ असे कळवणारा कोण, हेसुद्धा. ही नोंदवही मराठीत, जाहीर असावी.

आणि १५ सप्टेंबरच्या आत एक तालीम घ्या. दिवस आपण ठरवा, आम्हांला सांगू नका. वेळ मात्र मध्यरात्रीची, ग्रहणकाळातली निवडा. दिल्लीहून ‘सराव’ असे स्पष्ट लिहिलेला इशारा सोडा. रेवस, जीवना, हर्णै, जयगड, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला ह्या नऊ बंदरांवर आमची माणसे निरोप आल्याची वेळ, कोणत्या मार्गाने आला, मजकूर जसाच्या तसा आणि समुद्रातल्या किती नौकांना मिळाला, हे वहीत लिहून ठेवतील. वह्यांच्या प्रती आठ दिवसांत आपल्या सर्वांना एकाच वेळी पाठवू.

आपले,
कोकण किनाऱ्यावर हवामान निरीक्षण, मच्छीमार सोसायट्या आणि आपत्ती व्यवस्थापनात काम करणारे आम्ही काही जण
रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग